कड्यावरचा शाळिग्राम

सुजाता गजभिये काय करते, या प्रश्नाला सनीव्हेलमध्ये अकरा वर्षं एकच उत्तर होतं: ती राजारामची बायको आहे. हे उत्तर तिने दिलेलं नव्हतं, अमेरिकन सरकारने दिलं होतं. राजारामला कंपनीने बोलावलं म्हणून त्याला कामाचा व्हिसा मिळाला. ती त्याच्यासोबत आली, म्हणून तिला त्याच्यावर अवलंबून असण्याचा व्हिसा मिळाला. या व्हिसावर बाईला स्वयंपाक करता येतो, मूल वाढवता येतं, गाडी चालवता येते, इंडियन स्टोअरमध्ये कोथिंबीर निवडत अर्धा तास उभं राहता येतं. फक्त पगार घेता येत नाही. नागपूर विद्यापीठाची भूशास्त्रातली एमएस्सी आणि कोळशाच्या खाणीत चार वर्षं दगडांचे थर मोजल्याचा अनुभव, एवढा ऐवज तिने येताना सोबत आणला होता. विमानतळावर कस्टमवाल्यांनी तिचं लोणचं अडवलं, या ऐवजाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

फुकट काम करायला मात्र कोणत्याच व्हिसाची आडकाठी नसते. एवढी उदारता या देशाने दाखवलेली आहे. सनीव्हेलपासून सव्वा तासावर, समुद्राकाठच्या उंच कड्यावर एक स्टेट पार्क आहे. वर वाऱ्याने एका अंगाला झुकलेली झाडं, दरीच्या कडेकडेने जाणाऱ्या पायवाटा, आणि लाकडी पायऱ्यांनी खाली उतरलं की काळ्या खडकाचा सपाट ओटा. त्या ओट्यात सात कोटी वर्षांपूर्वीचे शंख-शिंपले आणि समुद्री जीव दगड होऊन बसलेले आहेत. मुलगी हर्षिता मिडल स्कूलला गेली तशी सुजाता तिथे दर शनिवारी स्वयंसेवक म्हणून जाऊ लागली. छातीवर ‘सुजाता’ एवढंच लिहिलेला प्लॅस्टिकचा बिल्ला, गळ्यात भिंग आणि लोकांचे प्रश्न. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न होता, बाथरूम कुठे आहे.

चार वर्षं तिने बाथरूम दाखवलं आणि जमलं तसे जीवाश्मही. मग या वसंतात राजारामच्या ग्रीन कार्डाची फाइल कुठल्याशा टेबलावरून कुठल्याशा टेबलावर सरकली आणि सुजाताच्या नावाने काम करण्याचा परवाना घरी आला. त्याच महिन्यात पार्कात पगारी गाईडची एक जागा निघाली. हंगामी जागा, तासावर पैसे, खाकी शर्ट आणि एक रुंद कडांची टोपी. सुजाताला पगारापेक्षा ती टोपी हवी होती, पण हे तिने कोणाला सांगितलं नाही.

पार्कची मुख्य रेंजर कॅरल ही मोजकं बोलणारी, उंच, उन्हाने भाजलेली बाई. तिने अट स्पष्ट सांगितली. “काम तुला येतं, ते मी चार वर्षं बघते आहे. पण गेल्या उन्हाळ्यात ओट्यावरून अकरा जीवाश्म गेले. लोक खिशात घालून नेतात आणि गाईड बघत बसतात. शनिवारी तू एक मोठा ग्रुप घेऊन जा. मी वरच थांबेन. खाली जे आहे ते संध्याकाळी खालीच असलं, तर टोपी तुझी. एकही कमी झालं, तर दुसरा माणूस शोधते.”

शुक्रवारी संध्याकाळी त्या ग्रुपचं नाव ईमेलने आलं. एका मराठी मंडळाची वार्षिक सहल, माणसं चोवीस.

राजाराम फोनवरून ते वाचून मोठ्याने हसला. “बाप्पा! तुझ्या परीक्षेला आपलेच लोक येऊन राहिले.”

“आपले?” सुजाता म्हणाली.

“मराठी तर आहेत ना, यार.”

“मग परीक्षा तोंडी होणार,” सुजाता म्हणाली आणि शर्टाला इस्त्री करायला गेली.

मंडळ दहाला येणार होतं, म्हणजे दहा वाजून पन्नास मिनिटांनी आलं. सात गाड्या, त्यांतल्या दोन चुकून दुसऱ्याच पार्कात जाऊन आलेल्या. निसर्ग पाहायला निघालेल्या मंडळींनी आधी डिकीतून पोह्यांचे तीन ट्रे, चिवड्याची पिशवी, चहाचा मोठा थर्मास आणि एक ब्लूटूथ स्पीकर बाहेर काढला. मंडळाचे अध्यक्ष राजेश यांनी माइक हातात घेऊन सगळ्यांचं स्वागत केलं. सगळे एकाच गाडीतळावर त्यांच्यापासून आठ फुटांवर उभे होते, पण माइक आणलेला होता तर तो वापरायला नको का? समुद्र समोर गर्जत होता. त्याच्याकडे माइक नसल्याने त्याचं कोणी ऐकलं नाही.

“नमस्कार, मी सुजाता. आज मी तुमची गाईड,” असं सुजाता मराठीत म्हणाली मात्र, एकच गलका झाला. अय्या, मराठी! इथे कुठे मराठी! बघा, आपली माणसं कुठे कुठे पोचली आहेत! एकाने ताबडतोब तिच्यासोबत सेल्फी काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला. राजेशच्या आई पद्मिनीकाकू सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या. साडीवर मुलाचं जाकीट आणि पायात सून हिमानीचे जुने स्पोर्ट्स शूज घालून त्या गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. पर्समधून डबा काढून त्यांनी डिंकाचा लाडू सुजाताच्या हातावर ठेवला.

“खा गं आधी. किती वाळली आहेस. इथे या लोकांमध्ये काय खायला मिळत असेल तुला!”

सुजाताने खाल्ला. लाडू खरोखर चांगला होता, तिच्या आईसारखाच, खारीक थोडी जास्त घातलेला. परक्या कड्यावर सकाळच्या धुक्यात कोणी आपल्याला असं आपलेपणाने खाऊ घालतंय, याचं तिला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

कड्यावरून ओट्यापर्यंतची वाट दीड मैलाची. काकूंनी सुजाताचा दंड धरला तो सोडलाच नाही.

“नागपूरची ना तू? मघाशी ‘धुकं उतरून राहिलं’ म्हणालीस तेव्हाच ओळखलं. नागपुरात कुठे? धरमपेठेत माझी मावसबहीण असते.”

“इंदोऱ्याला.”

काकूंना नागपूरचा नकाशा तेवढा पाठ नव्हता. “बरं. आणि आडनाव काय तुमचं? बिल्ल्यावर नुसतंच सुजाता लिहिलंय.”

“गजभिये.”

“हे सासरचं. माहेरचं?”

“मेश्राम.”

काकू दहा पावलं ती आडनावं मनात घोळवत चालल्या. जन्म पुण्यात गेलेला. तिथली आडनावं त्यांना ऐकताक्षणी घर, गल्ली आणि पोटशाखेसकट कळत. पण ही विदर्भातली आडनावं काही बोलेनात. मात्र त्या हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. कुलदैवत कोणतं, गणपती दीड दिवसाचा की पाच, नॉनव्हेज खाता का, म्हणजे इथे येऊन खाता की आधीपासून, मंडळाच्या संक्रांतीला कशी दिसली नाहीस, असे एकेक प्रश्न त्या पायवाटेवर टाकत गेल्या. उजव्या हाताला दरीत पांढऱ्या लाटा फुटत होत्या, दूरवर सील मासे दगडावर ऊन खात पडले होते, आणि मराठी माणूस ज्या कामासाठी सात समुद्र ओलांडून आला होता ते काम करत होता.

शेवटी परीक्षकाची ती दमछाक सुजाताला बघवेना.

“आम्ही बौद्ध आहोत, काकू.”

“अय्या, हो का?” काकू लगेच म्हणाल्या. “छान, छान. बौद्ध धर्म फार छान. शांत असतो.”

आणि दंड सोडून त्यांनी रेलिंग धरलं, उतार सुरू होत होता म्हणून. पुढच्या वळणावर त्यांनी सुजाताला काही विचारलं तेव्हा ‘तू’चं ‘तुम्ही’ झालं होतं. मान एकाएकी वाढला होता. लाडवांचा डबा पुन्हा एकदा निघाला, पण तो पुढच्या रांगेकडे गेला.

ही बातमी चोवीस माणसांत किती वेळात पसरली ते सांगता येणार नाही, कारण त्या भागात मोबाइलला रेंज नाही. तरी ती पसरली. पंधरा मिनिटांनी राजेश मुद्दाम चाल मंद करून सुजाताच्या बरोबरीने चालू लागला.

“आईचं मनावर घेऊ नका. ओल्ड जनरेशन. आम्ही तर हे कास्ट वगैरे बिलकुल मानत नाही. अमेरिकेत येऊन कोण मानतं, यार? आमच्या टीममध्ये तुमच्यातलाच एक आहे. ब्रिलियंट मुलगा. सांगितल्याशिवाय कळणारसुद्धा नाही.”

“मग तुम्हाला कसं कळलं?” सुजाताने विचारलं.

राजेश हसला आणि सील मासे बघायला पुढे गेला.

सुजाताला हे नवीन नव्हतं. अकरा वर्षांत हे तिने हळदीकुंकवात, वाढदिवसात आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये ऐकलं होतं. तिने ठरवलं, आज आपण फक्त दगडांकडे बघायचं. दगड आणि टोपी.

ओहोटीची वेळ होती आणि ओटा पूर्ण उघडा पडला होता. खाली उतरल्यावर तिने सगळ्यांना गोळा केलं आणि नियम सांगितला. बघायचं, हात लावायचा, फोटो काढायचे. उचलून न्यायचं काही नाही. दगड नाही, शिंपला नाही, वाळूची पुडीसुद्धा नाही. नेलं तर दंड आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. सिग्नलला पोलीस उभा असला की डोलावतात तशा.

मग तिने ओट्याच्या कडेला एका खाचेत बसलेला, मुठीएवढा, काळाभोर, गोल वेटोळ्याचा जीवाश्म दाखवला. पार्कच्या नोंदवहीत त्याचा क्रमांक त्रेचाळीस. गेल्या हिवाळ्यात वादळी लाटांनी तो खडकातून मोकळा झाला, तेव्हा तो पहिल्यांदा सुजातानेच पाहिला होता. तिचा आवाज आपोआप बदलला. ती सांगू लागली, हा अमोनाइट. माशासारखा पोहायचा, पण घर पाठीवर घेऊन. वाढला की जुनी खोली बंद करून नवी बांधायचा. या कडा पाहा, म्हणजे त्याच्या खोल्यांच्या भिंती. डायनासोर गेले तेव्हाच हेही गेले. ती बोलत राहिली आणि चक्क चोवीसही माणसं ऐकू लागली. कोणी चिवडा खाईना. त्या आनंदात तिने एक वाक्य जास्त बोलून टाकलं.

“तुम्हाला माहीत असेल, नेपाळात गंडकी नदीत शाळिग्राम सापडतात. ते म्हणजे हेच. अमोनाइट.”

असं वाक्य भूशास्त्राच्या वर्गात बोलावं, मंडळाच्या सहलीत बोलू नये. पद्मिनीकाकूंनी तिथल्या तिथे शूज काढले आणि हात जोडले. त्यांच्या पाठोपाठ आणखी पाच-सहा जणांनी काढले. क्षणापूर्वीचा समुद्री किडा देव झाला होता. मग जे व्हायचं तेच झालं. दर्शनाला रांग लागली. काकूंनी दगड खाचेतून अलगद उचलला. काकूंच्या सासरी शाळिग्रामाला बायकांनी हात लावायचा नाही असा कडक नियम होता, पण तो नियम बहुधा व्हिसा न मिळाल्याने पुण्यातच राहिला असावा. हिमानीने दगड गालाशी धरून फोटो काढला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने, अनिकाने, केचप लागलेल्या बोटांनी त्याची वेटोळी मोजली. चिवडेवाल्या काकांनी तो डोक्याला लावला. राजेशने तो एका उंच दगडावर ठेवून ग्रुप फोटो काढला, तेव्हा एक समुद्रपक्षी त्यावर क्षणभर बसून गेला. शेवटी काकूंनी तो पुन्हा खाचेत बसवला आणि पर्समधून कुंकवाची डबी काढून त्याला बोट लावलं. कोणाचं काही बिघडलं नाही, आणि देवाचंही नाही.

ते कुंकू पाहून सुजाता पुढे झाली होती. पण नेमके त्याच वेळी दोन तरुण इंजिनिअर सेल्फीसाठी ठिसूळ कड्यावर चढले होते आणि त्यांना खाली उतरवायला तिला पळावं लागलं. दहा मिनिटांनी ती परत आली तेव्हा मंडळाला एकाएकी घरी जायची घाई झालेली. बसून राहणारे उठले होते, उठलेले चालू लागले होते. ‘भरती येते ना आता,’ असं जो तो तिला समजावत होता, गाईड जणू तीच नव्हती. तिने ओट्याच्या कडेला जाऊन पाहिलं. खाच रिकामी होती आणि तिच्या काठाला कुंकवाची दोन बोटं होती.

वर कड्यावर कॅरल पॅड घेऊन उभी होती. मंडळ गेलं की ती खाली उतरणार आणि एकेक क्रमांक तपासणार. त्रेचाळीस नसला, की टोपी नाही. पुढची जागा कधी निघेल ते कोणाला माहीत? पुढच्या वर्षी, नाही तर कधीच नाही.

पायऱ्यांच्या मध्यावर एक बाक आहे. काकू तिथे दम खात बसल्या होत्या, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी गच्च धरून. राजेश, हिमानी आणि अनिका शेजारी उभे होते. बाकीचे पुढे निघून गेले होते.

“काकू,” सुजाता म्हणाली, “तो दगड परत ठेवावा लागेल.”

“कोणता दगड?” राजेशने विचारलं.

“पर्समधला.”

काकूंनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, एवढं त्यांच्याबद्दल सांगायला हवं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “अहो, मी कुठे आणायला गेले होते? तो स्वतः माझ्यासमोर आला. सासूबाईंचा शाळिग्राम धाकट्या जावेने नेला. तीस वर्षं माझ्या देव्हाऱ्यात त्याची जागा रिकामी आहे. रोज पूजा करताना ती जागा पुसते मी. तो इथे उन्हापावसात पडलेला, ना फूल ना पाणी. मी नेला तर त्याचं भलंच होईल ना?”

“इथून काही नेता येत नाही, काकू. गुन्हा आहे.”

“एक दगड आहे हो,” हिमानी म्हणाली. “इथे हजारो आहेत. नोबडी विल ईव्हन नो, यार.”

“वरच्या रेंजरला, कॅरलला कळेल. नंबर आहे त्याला. आणि मला ही नोकरी मिळणार नाही. अकरा वर्षांनी पहिली नोकरी आहे माझी. आजच्या सहलीवरच ती ठरणार आहे.”

तिघांनी तिच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. “पण तुम्ही व्हॉलंटिअर ना?” राजेश म्हणाला. “म्हणजे तसं पाहिलं तर जात काहीच नाहीये. आणि तुम्ही आपल्याच आहात. आपल्या माणसांनीच आपल्याला सांभाळून नाही घेतलं तर कोण घेणार? ॲडजस्ट करा ना थोडं.”

सकाळी दहा पन्नासला ती आपली होती, अकरा पंचवीसला तुमच्यातली झाली होती, आणि आता दीड वाजता परत आपली झाली होती. सुजाताला संताप आला. वर जाऊन कॅरलला सांगावं, असंही वाटून गेलं. दोन मिनिटांचं काम होतं. कॅरलने पर्स उघडायला लावली असती, दंडाची पावती फाडली असती, आणि साडीवर जाकीट घातलेली ही म्हातारी सगळ्या गाडीतळासमोर चोर ठरली असती. ते सुजाताच्याने होईना. लाडू पोटात होता, कारण तेवढंच असेल कदाचित.

“बरं, एकदा दाखवा तरी,” ती म्हणाली. “तोच आहे का बघू द्या.”

काकूंनी पर्स उघडली. नव्या रुमालात गुंडाळलेला दगड मांडीवर ठेवून एकेक घडी उलगडली. सुजाताने सवयीने तो उचलला. गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं. कडांची नक्षी कुंकवाखाली झाकली होती, म्हणून अंगठ्याने ते पुसलं आणि दगड उन्हाकडे फिरवला. नेहमीप्रमाणे ती मिनिटभर सगळं विसरली. तिसऱ्या वेटोळ्यावर लहानशी चीर होती. तोच होता.

“हो, हाच,” असं म्हणून तिने तो पुढे केला, विनवण्या पुन्हा सुरू होतील या तयारीनेच.

काकूंच्या मांडीवर रिकामा रुमाल होता. त्यांनी हात पुढे केला नाही. मांडीवरचा हातही पदराखाली घेतला. त्या दगडाकडे बघत होत्या आणि मग सुजाताच्या अंगठ्याकडे, ज्याला कुंकू लागलं होतं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “आता नको. ठेवा तुम्हीच.”

“म्हणजे?” हिमानी म्हणाली. “आई, आत्ता तर तुम्ही...” आणि तिला पुढचं कळलं तशी ती थांबली.

“नियम आहे ना इथला,” काकू म्हणाल्या. रुमालाची त्यांनी नीट चौकोनी घडी घातली आणि तो पर्समध्ये न ठेवता बाकावरच ठेवला. “नियम म्हणजे नियम. परक्या देशात नियम पाळायला हवेत.”

जातबित बिलकुल न मानणारा राजेश समुद्राकडे पाहू लागला. त्याला तिथे काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं असावं.

“बट आजी,” अनिका म्हणाली, “यू सेड इट वॉज गॉड!”

“चल गं, उशीर होतोय,” हिमानीने तिचा हात ओढला आणि चौघं पायऱ्या चढू लागली. दमलेल्या काकू सगळ्यांत पुढे होत्या.

सुजाता बाकाशी उभी राहिली. राग नंतर आला. आधी तिला नुसतं वाईट वाटलं. सकाळी त्याच हाताने दिलेला लाडू तिने आनंदाने खाल्ला होता, त्याचं जास्त वाईट वाटलं. त्या दगडावर सात कोटी वर्षं चिखल पडला, मग समुद्र पडला, डोंगर पडला. केचप, चिवडा आणि पक्षीही त्याला लागून गेले. त्याचं देवपण तसूभर ढळलं नाही. ते ढळायला नागपूरहून एमएस्सी होऊन यावं लागलं.

ती दगड घेऊन एकटी खाली उतरली. भरतीचं पाणी ओट्याच्या कडेला लागलं होतं. ओंजळभर पाण्याने तिने राहिलेलं कुंकू धुतलं, दगड खाचेत बसवला, अंगठा मात्र धुतला नाही.

वर गेली तेव्हा गाडीतळ रिकामा होता. कॅरलच्या गळ्यात दुर्बीण होती.

“मी सगळं पाहिलं,” कॅरल म्हणाली. “दगड बाकापर्यंत आला होता. म्हातारीच्या मांडीवर. मी पावतीपुस्तक काढूनच ठेवलं होतं. आणि मग तिने तो तुला परत देऊन टाकला! वीस वर्षं आहे मी इथे. मी दंड सांगते, ओरडते, पोलिसांचं नाव घेते. लोक रडतात, भांडतात, पण दगड सोडत नाहीत. तू काय सांगितलंस तिला?”

“काही नाही.”

“अहवालात लिहावं लागेल. रकाना आहे.”

सुजाताने फॉर्म घेतला. ‘पाहुण्याचं मन वळवण्यासाठी कोणता उपाय केला’ असा तो रकाना होता. तिने थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘दगड हातात घेतला.’

कॅरलने ते दोनदा वाचलं. “एवढंच?”

“एवढंच.”

“कमाल आहे.” कॅरलने सही केली आणि ऑफिसच्या खुंटीवरून टोपी काढून तिच्या हातात दिली. “सोमवारपासून ये. आणि पहिल्याच आठवड्यात हे बाकीच्या दोन गाईडना शिकव.”

“त्यांना नाही जमणार.”

“का नाही?”

“त्याला माझाच हात लागतो,” सुजाता म्हणाली.

कॅरलला तो विनय वाटला, की अभिमान, कोण जाणे. ती हसली आणि बिल्ल्याचा फॉर्म भरायला बसली. “तुझ्या बिल्ल्यावर आधीसारखं नुसतं सुजाताच ठेवते. आडनाव लांब आहे, आणि इथे तसंही कोणी विचारत नाही.”

“नाही,” सुजाता टोपी घालत म्हणाली. “आडनाव घाल. मोठ्या अक्षरांत, लांबून दिसेल असं. पाहुण्यांची फार दमछाक होते.”